पापडाच्या गाडीचं दुखणं

घाट चढण्याआधी गाड्या जिथं पाणी पितात आणि ड्रायव्हर चहा पितात, अशा एका वळणावर एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत असे. अशा कथांतले गुरू बहुधा नदीकाठी, झाडाखाली, डोळे मिटून बसलेले असतात. आमचे गुरू ट्रकच्या जुन्या सीटवर बसत आणि डोळे मिटत ते फक्त इंजिन ऐकताना. त्यांचं नाव दौलतमिस्त्री. विद्या म्हणाल, तर लहान डिझेल इंजिनांची. पुढं दोन माणसं, मागं हौदा, आणि त्या हौद्यातून टोमॅटोपासून लग्नाच्या खुर्च्यांपर्यंत जगाचा संसार वाहणाऱ्या ज्या छोट्या पिकअप गाड्या असतात ना, त्यांचं दुखणं मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि गप्प उभं राहायचं. मिनिटभरानं निदान! भल्याभल्या शिकलेल्यांना यंत्र लावूनही जे कळत नसे, ते त्यांना कानानं कळे.

त्यांचा एकच शिष्य, भानुदास. बावीस वर्षांपूर्वी तो पाना धरायला शिकला तो मिस्त्रींच्या हाताखाली, आणि आता चाळिशी ओलांडली तरी त्यांच्यासमोर विडी ओढत नसे. मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं, बायको केव्हाच गेलेली. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत ते भानुदासच्या कुटुंबातच राहत. दोघांत रक्ताचं नातं नव्हतं, पण ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात नसे.

वर्षापूर्वी मिस्त्रींच्या छातीत कळ आली. भानुदासनं त्यांना एका गिऱ्हाइकाच्या पिकअपमध्ये घालून तालुक्याच्या इस्पितळात नेलं, आणि त्या अर्ध्या तासात तो जितका रडला तितका बाप गेला तेव्हाही रडला नव्हता. मिस्त्री वाचले. डॉक्टर म्हणाले, "औषध चुकवू नका. जड काही उचलू देऊ नका. हलकं काम, चालणं-फिरणं मात्र चालू राहू द्या." भानुदास घाबरलेला होता. घाबरलेला माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. त्यानं "जड उचलू देऊ नका" एवढं ऐकलं, आणि पुढचं वाक्य इस्पितळाच्या पायरीवरच राहून गेलं.

मग सेवा सुरू झाली. अहो, काय ती सेवा! ट्रकची सीट गेली, गादीची खुर्ची आली. पाठीला उशी, पायाखाली पाट. सकाळी मऊ भात, संध्याकाळी मऊ भात. मिस्त्रींनी पान्याला हात लावला की भानुदास हळूच तो काढून घेई. एकदा उशीखाली बारा नंबरचा रिंग पाना सापडला, तेव्हा लहान मुलाच्या खिशातून गोटी काढावी तसा त्यानं तो काढून घेतला आणि पेटीत ठेवला. रोज संध्याकाळी भानुदास कोमट पाण्यानं त्यांचे हात-पाय धुई. आणि गिऱ्हाइकांना त्यानं बजावून ठेवलं होतं, "मिस्त्रींना काही विचारायचं नाही हं. डोक्याला त्रास नको. काय असेल ते मला विचारा."

गिऱ्हाइकंही भली माणसं. विचारायची बंद झाली. येताना नमस्कार, जाताना नमस्कार. देवळातल्या मूर्तीलासुद्धा माणसं काहीबाही विचारतात, इथं तेवढंही राहिलं नाही.

मिस्त्री सुकत चालले. पान अर्धं टाकून उठत. बोलणं "हो" आणि "नको" वर आलं. भानुदास डॉक्टरांकडे धावला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "हृदय उत्तम आहे." मग हे काय चाललंय? भानुदासला कळेना. त्यानं आपल्या परीनं उशी आणखी एक वाढवली.

आणि एके दिवशी मिस्त्री म्हणाले, "भानुदास, मला माझ्या गावी सोडून ये."

गावी काय होतं? बारा वर्षं बंद असलेलं दोन खणांचं घर. ओळखीचं माणूस नाही. "माझं काही चुकलं का?" भानुदासनं विचारलं. "तुझं काय चुकणार? इथं माझा उपयोग नाही, तिथंही नाही. निदान तिथं तुझी धावपळ तरी वाचेल." किती समजावलं, बायकोनं पाया पडून पाहिलं, म्हातारा हलला नाही. शेवटी गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं. मिस्त्रींनी आपली कापडी पिशवी स्वतः भरली. भानुदासला कळून चुकलं होतं की तो गुरूला गावी पोहोचवायला जात नाहीये, मरायला पोहोचवायला जातोय. पण गुरूची आज्ञा मोडायची कशी, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी पापडाचे व्यापारी मनोहरशेट आपली पिकअप घेऊन आले. आले म्हणजे सरपटत आले. मागं निळसर धुराचा लोट.

या शेटचं आणि गाडीचं प्रेम साऱ्या घाटाला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी नवी घेतलेली, पण अंगावर ओरखडा नाही. पापड हा नाजूक माल, म्हणून ताशी वीस-पंचवीसच्या वर काटा कधी गेला नाही. हौदा भरला तरी वजन ते किती, पापडाचंच! रोज पूजा झाली की अर्धा तास गाडी दारात नुसती चालू ठेवायची, तब्येत टिकावी म्हणून. दुकानापुढं माल उतरवताना इंजिन बंद करायचं नाही, सारखं बंद-चालू केलं तर त्याला त्रास होईल. पापडाला लागणारी उडदाची डाळ? ती दुसऱ्याच्या टेम्पोनं यायची. आपल्या गाडीवर पोती लादायला शेटचा जीव होत नसे. तळहातावरच्या फोडासारखी जपली होती बिचाऱ्यानं.

"भानुदास, काय रे झालं हिला?" शेट रडकुंडीला आले होते. "तेल पिते, धूर ओकते, साध्या चढाला नाही म्हणते. तिघांना दाखवली. तिघंही म्हणतात इंजिन उघडायचं, बोअर घासायचा, रिंगा बदलायच्या. अरे, पण मी हिला कधी जोरात चालवलीसुद्धा नाही!"

भानुदासनं बॉनेट उचललं, तेल पाहिलं, धूर पाहिला. त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, उद्या गुरुवार होता. तो म्हणाला, "शेट, तिघं म्हणतात ते खरंय. उघडावंच लागेल."

"उघडू नकोस."

हा आवाज खुर्चीतून आला. दोघांनी वळून पाहिलं. मिस्त्री उठून उभे होते. शाल खाली पडली होती.

"मिस्त्री, तुम्ही बसा," भानुदास धावला.

"बसून बसून खुर्ची झिजली. सर बाजूला." मिस्त्री गाडीजवळ आले. पांढरं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडामागं धरलं. फडक्यावर काळे, तेलकट शिंतोडे उमटले. मग त्यांनी हात पुढं केला. भानुदासच्या हातानं आपसूक लांब स्क्रू ड्रायव्हर त्या हातात दिला. बावीस वर्षांची सवय होती ती, विचार करायला वेळच मिळाला नाही. मिस्त्रींनी मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग पाणी पाहिलं, पट्टा पाहिला, तेलाचं झाकण उघडून आतून येणारा दम तळहातावर अजमावला.

"तेल बदल," ते म्हणाले. "आणि मागं भंगार पडलंय ना, ते सगळं हिच्या हौद्यात भर."

शेटना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "भंगार? हिच्यात?"

"जुने इंजिनाचे ठोकळे, गिअरबॉक्स, तुटके अ‍ॅक्सल. पाऊण टन भरेल इतकं."

"अहो मिस्त्री, ती पापड नेताना धापा टाकतेय आणि तुम्ही लोखंड घालताय? मरेल की हो ती!"

भानुदासलाही पटेना. आजाऱ्याच्या डोक्यावर कुणी पाटा-वरवंटा देतं का? म्हातारपणानं बुद्धीला तर काही झालं नाही ना, अशी शंका त्याच्या मनात आली आणि आली म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. जाता जाता शेवटची आज्ञा आहे, पाळावी, असं म्हणून त्यानं तेल बदललं. चहाच्या टपरीवरचे दोन ड्रायव्हर हात लावायला आले. पापडांचे डबे उतरवून ठेवायला कोरडी जागा नव्हती, तेव्हा मिस्त्रींनी गादीच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. डबे खुर्चीवर चढले, उशीवर टेकले. लोखंड गाडीत चढलं. स्प्रिंगा दबल्या तशा शेटनी डोळ्यांवर हात घेतला.

"पुरे," मिस्त्री म्हणाले. "कंपनीनं जेवढं सोसायला बनवलीय तेवढंच, त्यावर एक नटही नको. भानुदास, तू चालव. मी शेजारी बसतो."

"तुम्ही नाही हं! घाटाचे हेलकावे..."

"मग ऐकायचं कुणी? तू?"

मिस्त्रींच्या छातीत पुन्हा कळ आली तर, ही भीती भानुदासच्या मनातून जात नव्हती. पण म्हातारा एव्हाना दार लावून बसलासुद्धा होता. मागून शेट ओरडले, "हळू न्या हो!"

"हळू अजिबात न्यायची नाही," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या चढाला गाडीनं असा काही धूर सोडला की मागचा रस्ता दिसेना. भानुदासनं पाय सैल केला.

"पाय काढू नकोस! दुसऱ्यात टाक. ओढू दे तिला."

"फुटेल मिस्त्री!"

"काटा बघ. पाणी तापलंय का? नाही ना? मग ओढू दे. आणि माझ्याकडं काय बघतोस, रस्त्याकडं बघ."

भानुदास खरंच रस्त्यापेक्षा म्हाताऱ्याकडं जास्त बघत होता. वळण आलं, मागून आणखी एक. इंजिन कण्हत होतं, कुंथत होतं. मिस्त्री पुढं झुकून ऐकत होते, एक तळहात पत्र्यावर ठेवून. "आता तिसरा... घाई नको... हां, आता दाब." हा आवाज भानुदासनं वर्षभरात ऐकला नव्हता. याच आवाजात त्याला कधीकाळी शिव्याही मिळाल्या होत्या, आणि आज एखादी मिळाली असती तर त्यानं ती डोक्यावर घेतली असती.

तिसऱ्या वळणानंतर काहीतरी बदललं. कण्हणं कमी झालं. आवाज भरीव झाला, एकसारखा. गाडी चढ जणू दोन्ही हातांनी धरून वर जाऊ लागली. भानुदासनं आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसत होता. झाडं दिसत होती. धुराचा लोट विरून नुसती फिकट रेघ राहिली होती.

घाटमाथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि चावीला हात घातला. मिस्त्रींनी तो धरला.

"लगेच बंद नको करू. दोन मिनिटं तशीच राहू दे. तापलीय, दम खाऊ दे."

"मिस्त्री, शेटची गाडी उभ्या उभ्या चालू ठेवूनच तर बिघडली ना?"

"अरे, कामाआधीचं बसणं वेगळं आणि कामानंतरचं वेगळं."

दोन मिनिटांनी गाडी बंद झाली. त्याआधी मिस्त्रींनी उतरून फडक्याचा दुसरा कोपरा सायलेन्सरमागं धरला होता. त्यावर थोडी कोरडी काजळी होती, तेलाचे शिंतोडे जवळजवळ नव्हते. शेजारी एक बाई कणसं भाजत बसली होती. मिस्त्री तिच्यापुढं जाऊन उकिडवे बसले. "एक दे गं बाई, कोवळं बघून. मीठ बेतानं लाव, हा बघतोय." आणि त्यांनी कणसाचे दाणे एकेक करून खायला सुरुवात केली. मऊ भाताचे चार घास ज्याला जात नव्हते, तो माणूस कणीस खात होता. भानुदास नुसता बघत राहिला.

"आता सांगा," तो म्हणाला, "हे झालं कसं?"

मिस्त्रींनी कणीस तोंडापासून दूर धरलं. "नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक तिरप्या रेघा असतात. तूच कितीदा बघितल्यास. त्या रेघांत तेल टिकतं, आणि त्यांच्याच आधारानं पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरून राहतात. पण रिंगेला भिंतीवर रेटतो कोण? आतला दाब. आणि दाब कधी येतो? ओझं असलं, चढ असला की. शेटनं ओझंच दिलं नाही. बिनकामाचं इंजिन पुरतं तापतही नाही. अर्धं कच्चं जळालेलं डिझेल भिंतीवर बसत जातं, रेघा बुजतात, आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. दिसायला काय सुंदर! पण धरायला काही उरत नाही. मग तेल वर चढतं, जळतं, धूर होतो. लोक म्हणतात इंजिन झिजलं. ते झिजलेलं नसतं रे. त्याला कुणी काम सांगितलेलं नसतं."

"म्हणजे आता बरी झाली ती?"

"एका घाटात कुठली? आठ-दहा खेपा लागतील. तरी नाहीच सुधारली तर मग खोलू. पण आधी तिला विचारून तर बघायचं, बाई तुझ्यानं होतंय का म्हणून."

एवढं बोलून मिस्त्रींनी धुवायला मोकळा हात पुढं केला. भानुदासनं आपली पाण्याची बाटली त्यावर ओतायला उघडली, आणि त्याची नजर त्या तळहातावर खिळली.

हा हात तो बावीस वर्षं ओळखत होता. घट्टे पडलेला, भेगा भेगांत काळं तेल मुरलेला, साबण, राख, रॉकेल कशालाही न जुमानणारा. याच हातानं त्याच्या हातात पहिला पाना दिला होता. आता तो तळहात गोरा, स्वच्छ, लोण्यासारखा मऊ होता. एक घट्टा नाही. एक काळी रेघ नाही. रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं भानुदासनं स्वतः तो धुतला होता, वर्षभर, मायेनं.

बाटली तशीच हातात राहिली.

"मिस्त्री," तो कसाबसा म्हणाला, "चुकलं माझं."

"तुझं कुठं काय? मी इंजिनाचं बोलतोय," मिस्त्री दरीकडं बघत म्हणाले. पुढं म्हणाले, "आणि शेटचं तरी काय चुकलं? माया केली बिचाऱ्यानं. पाणी ओत की, हात पसरून किती वेळ बसू?"

खाली आल्यावर शेटनी फडक्याचे दोन्ही कोपरे तीन-तीनदा पाहिले. त्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून उडदाची पोती याच गाडीनं आणायची, चढाला कचरायचं नाही आणि दारात उभी करून चालू ठेवायची नाही. "आणि पूजा?" त्यांनी काळजीनं विचारलं. "पूजा करा की," मिस्त्री म्हणाले, "पण नंतर कामाला पाठवा." भंगार उतरवून, पापडांचे डबे गाडीत भरून शेट निघाले. जाताना त्यांची गाडी तीसच्या वर पळालेली सगळ्या टपरीनं पाहिली.

त्या संध्याकाळी भानुदासनं कोमट पाणी ठेवलं नाही. गुरुवारबद्दलही तो काही बोलला नाही. जाऊ नका, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही हे त्याला कळलं होतं. नुसतं राहा म्हणून काय उपयोग? कशासाठी राहा, ते सांगता आलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसले होते. तेवढ्यात टोमॅटोची एक पिकअप दारात आली. इंजिनात ठक्‌ ठक्‌ होत होतं. भानुदासनं बॉनेट उघडलं, ऐकलं. आवाज डिझेल फवारणाऱ्या नोझलचा की खालच्या बेअरिंगचा, त्याला नक्की कळेना. हे काही त्यानं उभं केलेलं नाटक नव्हतं. खरं सांगायचं तर गेल्या वर्षात त्यानं तीन इंजिनं अशीच अंदाजानं खोलली होती, त्यांतलं एक अगदी उगाच. ज्याला विचारायचं तो माणूस दहा हातांवर बसलेला होता आणि त्याला विचारायची बंदी भानुदासनंच घातली होती.

तो ताठ उभा राहिला. साऱ्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यांदा म्हणाला, "मिस्त्री, मला कळत नाहीये. जरा येऊन ऐकता का?"

मिस्त्रींनी मान वर केली. आपल्या शिष्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"जड उचलणार नाही मी," ते म्हणाले.

"उचलायला मी आहे. तुम्ही फक्त ऐका. आणि दुपारी जेवून तासभर आडवं व्हायचं, त्याला मात्र नाही म्हणायचं नाही."

"बरं बरं. आता वाद घालत बसू नकोस, गाडी खोळंबलीय." मिस्त्रींनी पिशवी पुढं केली. "माझा चष्मा हिच्या तळाशी गेलाय. आधी ही उपस."

भानुदासनं पिशवी तिथंच, बाकावर उपसली. दोन शर्ट निघाले, धोतर निघालं, गोळ्यांची पाकिटं निघाली, चष्मा निघाला. आणि चष्म्याखाली, रुमालात गुंडाळलेला, पेटीतून पुन्हा केव्हा उचललेला कोण जाणे, बारा नंबरचा रिंग पाना निघाला. भानुदासनं तो रुमालातून सोडवला, आपल्या शर्टाला पुसला आणि गुरूच्या हातात दिला.

पिशवी पुन्हा भरली गेली नाही. त्या गादीच्या खुर्चीवर आता येणाऱ्या-जाणाऱ्याचं सामान ठेवतात. तुमच्या घरातही अशी एखादी खुर्ची असेल, आणि तिच्यावर उशा लावून कुणाला बसवलेलं असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन, तुम्हाला खरोखर न कळणारी एक गोष्ट विचारून पाहा.